शेवटची बादली

३ तारीख, मंगळवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. कारण साधं आहे. उद्या कुणी "मी असं म्हणालोच नव्हतो, बाई" म्हणालं, तर वही काढून समोर ठेवता आली पाहिजे. अठ्ठावीस वर्षं शाळेत कॉप्या पकडल्यात मी. मोज्यातून, पट्टीच्या मागून, एकदा तर प्लास्टर घातलेल्या हातातून. माणूस खोटं बोलायला लागला की मला त्याच्या मानेवरून कळतं.

हकीकत अशी. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या महिन्यात बाथरूमकडे जाताना पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. आता डॉक्टर म्हणतात, पायरी नको, खाली बसणं नको, अंघोळ खुर्चीवर बसून शॉवरखाली करायची. आमचं बाथरूम घराच्या मागच्या टोकाला, तीन पायऱ्या उतरून. शॉवर तर नाहीच. ज्या प्लंबरनं जन्मभर अर्ध्या गावाची बाथरूमं बांधली, त्याच्या स्वतःच्या घरात शॉवर नाही. सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

दादाचा फोन आला होता. "चोवीसला त्यांना सोडतायत. तोवर तुझं बाथरूम झालं तर ठीक, नाहीतर मी गाडी घेऊन येतो आणि अण्णांना इकडे आणतो. कायमचं. तू एकटी किती बघणार?" दादाकडे सगळं आहे, फक्त ते सातव्या मजल्यावर आहे. मागे अण्णा तिथे चार दिवस राहिले आणि पाचव्या दिवशी सकाळी बॅग भरून दाराशी बसले. आणि ते तिकडे गेले तर या घरात मी एकटी. खरं लिहायचं तर मला त्याची भीती वाटते.

तेव्हा बाथरूम हलवायचं. अण्णांच्या खोलीला लागून अडगळीची खोली आहे, तिथे. प्लंबर अण्णांनीच ठरवला. बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होता, नंतर स्वतःचं काम काढलं. अजून अण्णांना "वस्ताद" म्हणतो. आज येऊन तासभर घरभर फिरला, भिंतीला कान लावले, फरशीवर टाच आपटली आणि म्हणाला, "बघतो." बस. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. मी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलंय.

४, बुधवार

मौनी आज चक्क एक पूर्ण वाक्य बोलला. "पाणी आणणं सोपं असतं बाई, घालवणं अवघड." मग खडूनं जमिनीवर रेघा मारून दाखवलं. घाण पाण्याचा जुना पाइप मागच्या बाथरूमपासून निघतो, अडगळीच्या खोलीला घासून जातो आणि पुढे रस्त्याकडच्या चेंबरला मिळतो. नवं बाथरूम वाटेतच, तेव्हा तिथेच जमीन उकरायची आणि जुन्या पाइपाला जोड द्यायचा. उंबरठा ठेवायचा नाही, म्हणजे अण्णांचा पाय अडकणार नाही. पाणी त्यांच्या खोलीत येऊ नये म्हणून सगळी जमीन कोपऱ्यातल्या भोकाकडे उतरती करायची. ऐकायला तरी बरं वाटलं.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून अण्णांनी फोन केला. मी उत्साहानं म्हटलं, "अण्णा, शॉवर बसवतोय!" ते लगेच म्हणाले, "शॉवर नको."

"अहो, डॉक्टरांनीच सांगितलंय."

"त्याला फोन दे."

मौनी फोन घेऊन सरळ बाहेर गल्लीत गेला. दहा मिनिटं! माझ्याशी दिवसभरात अकरा शब्द बोलणारा माणूस तिथे हातवारे करत होता. परत आला तर तोंड कोरं. "काय म्हणाले?" तर म्हणे, "काही नाही. तब्येतीचं."

अण्णांना शॉवर का नको, ते मला माहीत आहे. आमच्या घराचा नियम आहे, शेवटची बादली. अंघोळ झाली की भरलेली बादली एका दमात भोकाकडे भस्सकन ओतायची. आजारी असो, घाईत असो, पाहुणा असो, सुटका नाही. वहिनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विसरली, तर अण्णा स्वतः उठून गेले आणि ओतून आले. बिचारी रडकुंडीला आली होती. पण शिस्त ती शिस्त. शाळेत दर वर्षी पहिल्या दिवशी मी मुलांना ही गोष्ट सांगते, की काम संपलं असं वाटलं तरी एक बादली उरलेली असते. शॉवर आला की बादली गेली, आणि बादली गेली की शिस्त गेली. म्हातारा माणूस, त्याला वाईट वाटणारच.

पण मग हे मौनीला काय सांगायचं होतं?

५, गुरुवार

आज अडगळ बाहेर काढली. अण्णांची हत्यारं, तुटकी खुर्ची, दादाची सायकल. भिंतीला टेकलेलं कपाट हलवलं आणि मी ओरडलेच. मागे निळ्या पेन्सिलीची आडवी रेघ, वर माझ्या अक्षरात "लेव्हल" आणि तारीख. तेहेतीस वर्षं झाली, तरी जशीच्या तशी.

मौनी आणि गवंडी चहा पीत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या वर्षी मी मोठ्या परीक्षेत नापास झाले होते. दोन महिने अंथरुणातून उठले नाही. घास घशाखाली उतरत नव्हता. आईनं बोलून बघितलं, रडून बघितलं. आणि एका सकाळी अण्णा लेव्हलची नळी घेऊन माझ्या उशाशी आले. "चल, घराचा पाइप टाकायचाय आणि दुसरं टोक धरायला माणूस नाही." लांब पारदर्शक नळी, पाण्यानं भरलेली. एक टोक इथे, एक पुढच्या दाराशी. दोन्हीकडचं पाणी आपोआप एका पातळीत येतं, तिथे खूण करायची आणि त्या खुणांवरून पाइपाचा उतार धरायचा. "पाणी खोटं बोलत नाही," अण्णा म्हणायचे. मी नळीच्या तोंडावर अंगठा असा घट्ट दाबला होता की शेवटपर्यंत एक थेंब सांडला नाही. त्या रात्री मी दोनदा वाढून घेतलं. अण्णांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, "माझ्या घराची लेव्हल माझ्या लेकीनं धरली." पुढच्या वर्षी परीक्षेला बसले, पास झाले, आज बाई आहे.

येईल त्याला मी हे सांगते. पण मौनीसारखा श्रोता नको. चहाचा कप अर्ध्यावर थांबवून म्हणाला, "अंगठा?"

"हो, घट्ट!"

त्यानं कप खाली ठेवला आणि उरलेला चहा प्यायला नाही. मी केलेल्या चहाला नावं ठेवणारा हा पहिलाच.

७, शनिवार

जमीन उकरून जुना पाइप उघडा केला. मौनीनं वरून भोक पाडलं, तांब्याभर पाणी ओतलं आणि वाकून बघत बसला. मग आणखी एक तांब्या. मग गवंड्याला म्हणाला, "तू जा, जेवून ये." साडेदहा वाजता! भोकावर फळी टाकली आणि फोन घेऊन गल्लीत.

मी खिडकीआडून बघत होते. दोनदा कपाळावर हात मारला त्यानं.

पाणी कुठेतरी मुरतंय.

९, सोमवार

मौनीचा निकाल जाहीर झाला. इथपासून चेंबरपर्यंतचा जुना पाइप काढून नवा टाकायचा. काम वाढणार, दिवस वाढणार.

"का पण?"

"मुळं शिरलीत पाइपात. झाडाची."

बोलताना मान डावीकडे. सातवीच्या वर्गात चिठ्ठी गिळणाऱ्या पोराची असते तशी.

मी त्याला हाताला धरून दारात नेलं. म्हटलं, "दाखवा झाड." आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत झाड म्हणून नाही. आमच्याकडे एक कोरफडीची कुंडी आहे. "ही गेली का जमिनीखालून वीस फूट?"

तो म्हणाला, "मुळं लांबून येतात, बाई."

१०, मंगळवार

आज पुरावा सादर झाला! सकाळी मौनीनं माझ्यासमोर मुळांचा एक झुबका धरला. "हे बघा. पाइपातून निघालं."

मी हातात घेतला, वास घेतला. घाणीच्या पाइपातून निघालेल्या मुळाला बागेतल्या मातीचा वास? माती तर कोरडी ठणठणीत. वर एक हिरवं पान चिकटलेलं. "असू दे माझ्याकडे," म्हटलं आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कुलूप लावून ठेवलं. कॉपी लगेच पकडायची नसते, आधी पेपर पूर्ण लिहू द्यायचा.

पण हा माणूस हे का करतोय, तेच कळत नाही. अण्णांच्या हत्यारांवर डोळा आहे? की पडलेल्या म्हाताऱ्याला आणि एकट्या बाईला बघून काम लांबवतोय? चोवीस तारीख त्यालाही माहीत आहे. दादानं तर याला हाताशी धरलं नसेल? काम मुद्दाम रखडवायचं, म्हणजे अण्णा आपोआप सातव्या मजल्यावर. लिहिताना लाज वाटली. पण आलं मनात.

१२, गुरुवार

हॉस्पिटलमध्ये गेले. अण्णांच्या खोलीच्या दाराशी पोचले तेव्हा ते फोनवर होते, पाठमोरे. "तेवढं पुसून टाक बाबा," म्हणाले. "तिच्या लक्षात यायच्या आत."

मी आत गेले. फोन पांघरुणाखाली!

"कोणाचा होता?"

"राँग नंबर."

राँग नंबरला बाबा-पुता करून पुसायला सांगतात. मी संत्रं सोलत सहज विचारलं, "अण्णा, पाइपात मुळं कुठून आली असतील हो?"

"शेजाऱ्यांच्या झाडाची असतील."

"शेजाऱ्यांकडे झाड नाही."

"पूर्वी होतं."

"कधी?"

"तू शाळेत असायचीस तेव्हा," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. अण्णांची मानसुद्धा डावीकडे. माझ्या वडिलांची! उभ्या आयुष्यात मी त्यांना खोटं बोलताना पाहिलेलं नाही. काय घातलंय त्या माणसानं यांच्या डोक्यात? कशानं बांधून ठेवलंय? संत्र्याची अर्धी फोड हातात राहिली माझ्या.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "त्याच्याशी भांडू नकोस," म्हणाले. म्हणजे भांडण्यासारखं काहीतरी आहे.

१३, शुक्रवार

घालवला. अखेर घालवला त्याला.

शाळेत निकालाचं काम होतं, दुपारी घरी आले. अडगळीच्या खोलीत मौनी एकटा. हातात ओलं फडकं. भिंतीवर माझी निळी रेघ होती तिथे ओला डाग. "लेव्हल" गेलेलं, तारीख गेलेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ती रेघ का पुसलीत?"

"फरशी लागणार होती, बाई. झाकलीच जाणार."

"झाकणं वेगळं आणि पुसणं वेगळं! मला विचारलंत? माझ्या अक्षरातली रेघ आहे ती. या घरात माझ्या हातची तेवढी एक खूण होती!"

मग जे सुटले ते सुटलेच. मुळं, कोरफड, गल्लीतले फोन, अण्णांना शिकवलेलं खोटं, सगळं बाहेर काढलं. "एवढं काळंबेरं पोटात ठेवून माझ्या घरात काम नाही करायचं. चालते व्हा."

त्यानं हत्यारं पिशवीत भरली. दारातून वळून म्हणाला, "पाइप उघडा आहे. चिंध्यांचा बोळा कोंबून ठेवा, नाहीतर घरभर वास येईल." आणि गेला.

मी चिंध्या कोंबल्या. मग त्या खोलीत जमिनीवर बसून चांगली पंधरा मिनिटं रडले. एका रेघेसाठी! पण रडले.

१४, शनिवार

दुसरा प्लंबर आणला. हा बडबड्या. भिंती बघून हसला, नळ बघून हसला, खड्ड्यात टॉर्च मारून तर खो खो हसला. "ही लाइन कोणी टाकली हो? पाणी खाली जायच्या ऐवजी वर चढवलंय! दोन बोटं उलटी आहे. कोणी अडाणी माणूस असणार."

"माझ्या वडिलांनी," मी म्हटलं. "चाळीस वर्षं हेच काम केलंय त्यांनी."

त्याचं हसू विरलं. मग हळूच म्हणाला, दुसऱ्याचं अर्धवट काम आपण घेत नाही, आणि घेतलं तरी महिना लागेल. त्यालाही दार दाखवलं.

मी स्वतः खड्ड्यात उतरून बघितलं. पाइपात खरंच पाणी साचलेलं. म्हणजे आता लख्ख कळलं. अण्णांचा पाइप उलटा असणं शक्य नाही, लेव्हल मी धरली होती. म्हणजे मौनीनंच उचकटून उलटा केला आणि वर मुळांचं सोंग रचलं. स्वतःच बिघडवायचं आणि स्वतःच दुरुस्त करायचं. आणि रेघ पुसली कारण रेघ म्हणजे पुरावा! त्या रेघेवरून कोणीही सिद्ध केलं असतं की मुळात सगळं बरोबर होतं.

केवढी मोठी लबाडी. पण मनातून बरं वाटलं. माझा संशय खरा निघाला.

१६, सोमवार

दादाचा फोन. गाडी ठरवली आहे. "तू हरलीस असं नाही गं," म्हणाला. असं म्हणतात तेव्हा हरलेलंच असतं.

तासाभरानं अण्णांचा फोन. त्यांना मौनीकडून कळलं होतं.

"तू त्याला घालवलंस?"

"अण्णा, तुम्हाला माहीत नाही त्यानं काय केलंय. तुमचा पाइप त्यानं—"

"त्यानं काही केलेलं नाही."

"मग कोणी केलं?"

अण्णा म्हणाले, आणि त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, "मला माझ्या घरी यायचंय गं. मला सातव्या मजल्यावर मरायचं नाही. त्याला बोलाव."

मी चपला घातल्या आणि गेले. मौनीच्या घरी त्याची बायको भाजी निवडत होती. अंगणात कुंपणाला कसलीशी झुडपं, त्यातलं एक नुकतंच उपटलेलं, शेजारी खड्डा. मी बघून घेतलं. मौनी बाहेर आला. मी माफी मागितली नाही, कारण मला ती मागायची नव्हती. म्हटलं, "अण्णांना घरी यायचंय."

"उद्या येतो," म्हणाला.

"पण एक अट. लेव्हल धरताना दुसरं टोक माझ्या हातात. मला सगळं डोळ्यांसमोर हवंय."

तो घाबरला. खरंच घाबरला, चेहराच उतरला त्याचा. "गवंडी धरेल, बाई. तुम्ही कशाला..."

"मीच धरणार."

चोराच्या मनात चांदणं!

१८, बुधवार

जुना पाइप काल निघाला. आज नवा टाकायचा होता. मौनीनं नळी पाण्यानं भरली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतः चेंबरकडे गेला. मी माझ्या जागी उभी राहिले, जिथे तेहेतीस वर्षांपूर्वी होते तिथेच. अंगठा तोंडावर घट्ट दाबला.

"थांबलं का पाणी?" तो पलीकडून ओरडला.

"थांबलं!"

तो काही वेळ आला नाही. मग त्याची पावलं ऐकू आली. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या हाताकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"बाई, अंगठा काढा."

"पाणी सांडेल."

"नाही सांडत. तोंड उघडं लागतं. दाबलं की पाणी खोटं बोलतं."

मी अंगठा काढला. नळीतलं पाणी हललं आणि झर्रकन वर चढलं. मोजून दोन बोटं. मग थांबलं.

त्यानं तिथे खूण केली.

हल्लीच्या नळ्या वेगळ्या असतील. पूर्वीच्या जाड असायच्या. त्यांची पद्धत वेगळी असेल.

१९, गुरुवार

आज लिहायला काही नाही.

२१, शनिवार

परवा नव्या बाथरूमच्या जमिनीला पाणी न झिरपणारा लेप दिला. वाळल्यावर संध्याकाळी भोकात बूच मारून चार बोटं पाणी भरलं. दोन दिवस तसंच ठेवायचं. पातळी उतरली तर कुठेतरी गळतंय, नाही उतरली तर पास. मौनीनं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. सवयीनं मी दाराआड माझी वेगळी खूण करून ठेवली होती, कोणी चोरून पाणी वाढवलं तर कळावं म्हणून.

आज दोन्ही खुणा बघितल्या. केसभरही फरक नाही. मौनीनं माझी खूण पाहिली आणि पहिल्यांदा हसला. "वस्तादही अशीच करायचे," म्हणाला. "आमच्या खुणेवर त्यांचा विश्वास नसायचा."

मी त्याला चहा दिला. पूर्ण प्यायला. मला त्याला काहीतरी विचारायचं होतं. विचारलं ते भलतंच, "जमिनीची फरशी कधी?"

२३, सोमवार

फरशी लागली, खडबडीत, पाय न घसरणारी. भिंतीला धरायची दांडी बसली. मी तिला लोंबकळून बघितलं, गवंडी तोंड फिरवून हसत होता. हँड शॉवर लागला. मौनीनं सुरू करून दाखवला. बारीक धार, जमिनीवर पसरली आणि न थांबता कोपऱ्याकडे निघाली. मी पुढच्या दाराशी जाऊन चेंबरचं झाकण उघडायला लावलं. पाणी येत होतं, हळूहळू पण सलग. थेंबथेंब पाण्यालासुद्धा वाट मिळत होती.

"जुन्या पाइपावर शॉवर चालला असता का?" मी विचारलं.

मौनी स्क्रू पिळत होता. "साचलं असतं," म्हणाला. "एकदम ओतलं तर जोरानं निघून जातं. शॉवरचं हळू असतं ना."

स्क्रू केव्हाच घट्ट बसला होता, तरी तो पिळतच राहिला.

दादाला कळवलं, गाडी नको.

२४, मंगळवार

अण्णा आले. चाकाच्या खुर्चीतून दारातून आत येताना दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली आणि थोडा वेळ सोडलीच नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले.

दिवसभर झोपले. नवं बाथरूम बघितलं नाही. "उद्या," म्हणाले.

२५, बुधवार

सकाळी अण्णांना शॉवरखाली खुर्चीवर बसवलं. पाठीला साबण लावला. केवढीशी पाठ राहिली आहे. पाणी सुरू केलं तर त्यांनी डोळे मिटले आणि मान खाली घातली. मला वाटलं दुखतंय. पण ते ऐकत होते. पाणी कोपऱ्यात जात होतं, भोकातून खाली उतरत होतं, आणि त्यांचा कान त्याच्या मागे मागे चालला होता, जमिनीखालून, थेट चेंबरपर्यंत.

अंग पुसलं, कपडे घातले, दांडीला धरून ते उभे राहिले. मी सवयीनं बादली भरली आणि उचलली.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "आता नाही लागत."

बादली तशीच हातात. जड झाली होती. आठवडाभर जे वहीत लिहायचं टाळत होते ते तोंडातून निघालं. "कधीपासून माहीत होतं तुम्हाला?"

"फरशी बसली त्याच आठवड्यापासून. पाणी निघेना."

"मग पुन्हा उकरायचं ना! मला सांगायचं ना, अण्णा! तेहेतीस वर्षं त्या बादल्या... आई, वहिनी, सगळं घर... मी तर शाळेत मुलांना सांगत सुटले! मला एका शब्दानं सांगितलं नाहीत?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मान सरळ होती.

"तू जेवायला लागली होतीस," म्हणाले.

मी त्यांना खोलीत नेऊन बसवलं. पायांवर पांघरूण घातलं. मग परत येऊन ती बादली कोरफडीला ओतली. एवढं पाणी तिला लागत नाही, पण ओतली.

ही वही मी मौनीविरुद्ध पुरावा म्हणून सुरू केली होती. पहिल्या पानापासून आज पुन्हा वाचली. पुरावा भरपूर आहे. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या मोज्यात हात घालत होते आणि स्वतःचा अंगठा कधी बघितला नाही.

उद्या मौनीच्या घरी जायचं. माफी मागायची, नीट, त्याच्या बायकोसमोर. मुळांची पिशवी परत करायची. आणि कुंपणातलं ते झुडूप कसलं होतं ते विचारून तसलंच रोप न्यायचं.

पण मुळांवरचं ते हिरवं पान त्यानं मुद्दाम ठेवलं होतं की राहून गेलं होतं, तेवढं मात्र विचारणार आहे.